मी इथेच आहे!

परक्या देशातील खेड्यात राहणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांचा दिनक्रम

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत तापाचे रुग्ण वाढले, तेव्हा मंडळाच्या चार-पाच पोरांना घेऊन आम्ही आशाताईंबरोबर घरोघर फिरलो. पिंपातले पाणी पाहायचे, साचलेले पाणी ओतायला लावायचे, घरात कोणाला ताप आहे का ते विचारायचे, एवढेच काम. पण दोन तासांत पोरे कंटाळली. एका घरी चहा मिळाला, तीन घरी "मागच्याच आठवड्यात सांगून गेलात ना!" असे ऐकून घ्यावे लागले आणि एका ठिकाणी तर आतून रेडिओ वाजत असूनही दार उघडले नाही. परत येताना एक पोरगा म्हणाला, "काका, आपण एक रविवार फिरलो तर ही गत. ज्यांना रोज हेच करायचं असेल ते कसं करत असतील?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही विचारात पडलो. आशाताई निदान आपल्यातच राहतात, आपल्या भाषेत बोलतात. जगात असेही लोक आहेत की जे घरदार, भाषा, देश सोडून हजारो मैलांवरच्या अनोळखी खेड्यात दोन-दोन वर्षे राहून हेच काम करतात. ते कोठे राहतात, काय खातात, लोक त्यांचे ऐकतात का? अशा स्वयंसेवकांच्या आठवणी आणि त्यांच्या कामाचे अहवाल आम्ही मिळतील तसे वाचले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

विक्रोळीच्या लिलियनबाई

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर' म्हणजे शांतिदल नावाची सरकारी संस्था सुरू केली. अमेरिकन नागरिकांनी गरीब देशांत जाऊन शिक्षण, शेती, आरोग्य अशी कामे करायची. तीन महिने शिक्षण आणि दोन वर्षे प्रत्यक्ष काम. पगार नाही, स्थानिक माणसासारखे राहता येईल इतकाच निर्वाहखर्च. त्या वेळी अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होते. त्यामुळे या उपक्रमामागचा सरकारी हेतू निव्वळ परोपकाराचा होता असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. पण सरकारचा हेतू काहीही असो, प्रत्यक्ष जाणारा माणूस काय करतो हेही पाहावे लागते.

भारतातही १९६१ ते १९७६ या काळात या दलाचे चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. त्यांतील एक आपल्या मुंबईत, विक्रोळीला होत्या. त्यांचे नाव लिलियन कार्टर. जन्म १५ ऑगस्ट १८९८, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यदिनाचीच तारीख! अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या लहान गावी त्या परिचारिका होत्या. काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या शाळा, बसच्या जागा, सारे वेगळे असण्याचा तो काळ. गावातील इतर गोऱ्यांना रुचत नसतानाही लिलियनबाई काळ्या कुटुंबांच्या घरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करीत.

पतीच्या निधनानंतर, मुले मोठी झाल्यावर, त्यांनी टेलिव्हिजनवर पीस कोअरची जाहिरात पाहिली. वयाची अट नाही, असे तीत म्हटले होते. बाईंनी अर्ज केला आणि १९६६ साली वयाच्या ६८ व्या वर्षी त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन राहिल्या. आपल्याकडे या वयात माणसाला नातवंडे सांभाळायला बसवतात. बाईंनी मात्र सुमारे २१ महिने कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्यातील काम केले, कुष्ठरोग्यांची सेवा केली. १९६८ साली त्या मायदेशी परतल्या. पुढे १९७७ मध्ये त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण विक्रोळीत असताना त्या कोणत्याही मोठ्या माणसाच्या आई म्हणून आल्या नव्हत्या. त्या एक वृद्ध परिचारिका म्हणूनच आल्या होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे.

विक्रोळी हे काही खेडे नव्हते. खेड्यातला दिनक्रम पाहायचा तर आफ्रिकेत जावे लागेल. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगल नावाचा देश आहे. तेथे हे स्वयंसेवक १९६३ पासून जात आले. आम्ही त्याच देशाची हकिकत येथे देत आहोत, कारण ती वाचताना आम्हांला पदोपदी आपलाच मुलूख आठवला.

उखळाचा आवाज

सेनेगलच्या मध्यभागी काओलाक आणि काफ्रीन या शहरांभोवतीचा प्रदेश भुईमुगाचा. माती रेताड, पाऊस जून ते ऑक्टोबरपर्यंतच. भुईमुगाबरोबर पीक बाजरीचे. होय, आपलीच बाजरी! पहाटे खेड्याला जाग येते ती बायकांच्या उखळ-मुसळाच्या आवाजाने. एका उखळात दोघी-तिघी आळीपाळीने मुसळ घालतात. स्वयंसेवक मुलगी त्या आवाजाने मच्छरदाणीतून बाहेर येते.

तिचे घर म्हणजे एका कुटुंबाच्या आवारातली एक खोली किंवा गवताने शाकारलेली झोपडी. आवाराला बाजरीच्या ताटांचे कुंपण. मागे खड्ड्याचा संडास, तेथेच आडोशाला बादलीभर पाण्याने आंघोळ. कागदाऐवजी पाणी वापरायचे, तेही डाव्या हाताने. हे अमेरिकन माणसाला शिकावे लागते, आपल्याला सांगायला नको. पाणी विहिरीवरून किंवा नळकोंडाळ्यावरून आणायचे. डोक्यावर घागर घेऊन चालताना पहिल्या दिवशी निम्मे पाणी अंगावर सांडते आणि विहिरीवरच्या बाया पोट धरून हसतात. स्वयंसेवकांच्या आठवणींत असे हसू करून घेण्याचे प्रसंग जागोजाग येतात. आणि बहुतेक जण कबूल करतात की गावाशी ओळख झाली ती या हसण्यातूनच.

गावात आल्याबरोबर घरची माणसे पाहुण्याला नवे नाव देतात. आडनाव कुटुंबाचे. बरेचदा घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईचे नाव दिले जाते आणि ती बाई मग आपल्या नावाच्या या मुलीची जबाबदारी घेते. आडनावावरून थट्टा करण्याची तेथे रीतच आहे. एनजाय आडनावाचा माणूस जोप आडनावाच्या माणसाला खुशाल "तू भातखाऊ!" म्हणतो आणि दुसराही तेच परत ऐकवतो. राग कोणी धरत नाही. परक्या मुलीला असे कोणी चिडवू लागले की ती घरची झाली म्हणून समजावे. तोपर्यंत मुले मागे धावत "तूबाब! तूबाब!" म्हणजे "गोरा! गोरा!" असे ओरडत असतात. गंमत अशी की काळ्या वर्णाच्या अमेरिकन स्वयंसेवकांनाही कधीकधी हीच हाक ऐकावी लागते.

सकाळचे पहिले काम म्हणजे गावभर रामराम. तेथील वोलोफ भाषेत "नांगा देफ?" म्हणजे "कसे आहात?" याचे उत्तर "मांगी फी रेक." शब्दशः अर्थ, "मी इथेच आहे." मग घरच्यांची चौकशी, मुलांची, आईची; उत्तर पुन्हा तेच, "ती सारी तिथेच आहेत." हे न करता कोणी थेट कामाचे बोलू लागला तर तो उद्धट समजला जातो. नव्याने आलेल्या स्वयंसेवकाला वाटते, यात तास वाया जातो. सहा महिन्यांनी त्याला कळते की हेच काम होते. कोणाच्या घरातले मूल चार दिवस अंगणात दिसले नाही, कोणाची सून माहेराहून आली, कोणाला खोकला आहे, ही माहिती रजिस्टरमध्ये नसते. ती या रामरामातच मिळते.

एका परातीत जेवण

दुपारी जेवणाला भात आणि मासे. मोठ्या परातीत भात, वर मासळी आणि भाजी. भोवती सारे बसतात. प्रत्येकाने आपल्या समोरचा भाग उजव्या हाताने किंवा चमच्याने खायचा. मधले मासे घरची बाई हाताने मोडून प्रत्येकाच्या समोर सारते, आणि पाहुण्याच्या समोर जरा जास्त. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारतात, "काय लेक!" मराठी कानाला गंमत वाटेल, पण याचा अर्थ "ये, जेव." रात्री बाजरीचा वाफवलेला सांजा आणि त्यावर पाल्याचे कालवण. हा पाला पुष्कळदा शेवग्याचा असतो. जेवणानंतर लहान पेल्यांतून तीनदा चहा. पहिला कडू, शेवटचा गोड. त्याला दोन तास लागतात, आणि गावातले खरे बोलणे त्या वेळीच होते.

एका परातीतल्या या जेवणाचे वर्णन वाचताना आमचे डोळे क्षणभर त्या ओळीवर थांबले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वरून ओंजळीत पाणी ओतले जाई, त्यांना यातले मोल समजावून सांगायची गरज नाही. पण खरे तेच सांगितले पाहिजे. सेनेगलमध्येही जातीसारखे भेद आहेत. लोहार, चामड्याचे काम करणारे, पिढीजात गाणारे भाट हे समाज वेगळे मानले जातात आणि त्यांच्याशी लग्नसंबंध टाळला जातो. म्हणजे परात एक असली तरी लग्नाच्या मांडवापाशी भेद उभाच. परक्या देशाची गोष्ट वाचताना तेथे सारे छानच असेल असे धरून चालू नये.

औषध न देणारा आरोग्यसेवक

वाचकांना वाटेल की हे स्वयंसेवक गोळ्या-इंजेक्शने देत असतील. तसे नाही. पीस कोअरच्या स्वयंसेवकाला रुग्णावर उपचार करण्याची परवानगी नसते. तो डॉक्टर नसतो, बहुधा नुकताच पदवी घेतलेला तरुण असतो. त्याचे काम म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेबरोबर फिरणे आणि जे माहीत आहे ते लोकांच्या सवयीत उतरवणे.

झाडाच्या फांदीला तराजू अडकवून मुलांची वजने घ्यायची. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा दंड रंगीत पट्टीने मोजायचा. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टीवर तांबडा रंग येतो. याचा अर्थ गंभीर कुपोषण, मूल ताबडतोब दवाखान्यात पाठवायचे. बायकांना एकत्र करून बाजरीच्या पिठात भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, साखर आणि शेवग्याच्या वाळवलेल्या पाल्याची पूड घालून पेज करून दाखवायची. जुलाब झालेल्या मुलासाठी पाणी कसे करायचे ते शिकवायचे: एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आमच्या भगिनींनीही हे प्रमाण ध्यानात ठेवावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

हे सारे ऐकायला सोपे वाटते. पण पहिल्या सभेला कोणी येत नाही. पावसाळ्यात बाया पेरणीला आणि खुरपणीला, बाकीच्या दिवसांत पाणी, सरपण, मुसळ. मोकळा वेळ कोणाकडे आहे? आलेल्या बाया विचारतात, "तू मूल वाढवलंस का कधी?" बावीस वर्षांच्या अविवाहित मुलीकडे याचे उत्तर नसते. मग शहाणी असते ती स्वतः सभा घेणे सोडते. गावातली जी आई आपले मूल चांगले वाढवते तिला बोलायला उभी करते आणि आपण मागे बसून तराजू धरते.

सर्वांत कठीण वेळ रात्रीची. कोणी दार वाजवते. बाहेर शेजारीण, हातात तापाने फणफणलेले मूल. गोऱ्या मुलीकडे औषध असणार असा तिचा विश्वास. आणि स्वयंसेविकेकडे औषध असतेही, पण ते तिच्या स्वतःसाठी. हिवताप होऊ नये म्हणून ती नेमाने गोळी घेते, तसा नियमच आहे. ती आजारी पडली तर राजधानी डकारमध्ये तिच्यासाठी डॉक्टर आहे. ज्या परातीत ती दुपारी जेवली, त्याच परातीत जेवणाऱ्या मुलाला यातले काही नाही. त्या वेळी ती एवढेच करू शकते: घोडागाडी जोडायला लावायची, सोबत आरोग्य केंद्रापर्यंत जायचे, तेथे बसून राहायचे. एकत्र राहिल्याने सारे समान होत नाहीत, हे तिला त्या रात्री कळते.

ताप शोधत जाणारा माणूस

हिवताप आजही किती जीव घेतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे हिवतापाने मेली. त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांखालील मुले.

सेनेगल सरकारने गावातल्याच एखाद्या माणसाला शिकवून त्याच्याकडे तपासणीचे किट आणि गोळ्या देण्याची योजना आखली होती. बोटातून रक्ताचा थेंब घेतला की पंधरा-वीस मिनिटांत हिवताप आहे की नाही ते समजते, आणि लगेच औषध सुरू करता येते. पण लोक त्याच्याकडे येईनात. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणून थांबत. थांबण्यातच मूल हातचे जाई. तेव्हा २०१३ साली देशाच्या आग्नेय कोपऱ्यातील केदुगू भागात, साराया येथे, स्थानिक आरोग्य अधिकारी आणि पीस कोअरचे स्वयंसेवक यांनी मिळून एक साधा बदल केला. रुग्णाने येण्याची वाट पाहायची नाही. पावसाळ्यात गावातल्या त्या माणसानेच दर आठवड्याला प्रत्येक घरी जायचे आणि विचारायचे, "कोणाला ताप आहे का?" असेल तर तेथल्या तेथे तपासणी, तेथल्या तेथे गोळी. ज्या गावांत हे केले तेथे हिवतापाचे रुग्ण ठळकपणे कमी झाल्याचे दिसले, आणि मग सरकारने ही पद्धत इतर भागांतही नेली.

यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. माणूस दारापर्यंत गेला, एवढेच. आणि तो माणूस अमेरिकन नव्हता, त्याच गावचा होता.

आपल्याकडे तेव्हाच्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवून दिले. त्यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेक जणी दलित समाजातल्या होत्या आणि बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. ज्यांची सावली नकोशी होती त्यांचेच हात पुढे गावातल्या बाळंतिणींना हवेसे झाले. परदेशांतून लोक जामखेडला हे शिकायला आले.

मार्च २०२०

आता शेवटची हकिकत. कोरोनाची साथ पसरू लागली तेव्हा १५ मार्च २०२० रोजी पीस कोअरने जगभरातल्या आपल्या सर्व स्वयंसेवकांना परत बोलावले. साठहून अधिक देशांतून सुमारे सात हजार माणसे काही दिवसांत निघाली. संस्थेच्या इतिहासात असे पूर्वी कधी झाले नव्हते. कित्येकांना गावाचा धड निरोपही घेता आला नाही. मार्च २०२२ पासून ते हळूहळू पुन्हा जाऊ लागले.

मधल्या दोन वर्षांत त्या खेड्यांत ताप थांबला नव्हता, बाळंतपणे थांबली नव्हती. ती कोणी सांभाळली? गावातल्या सेविकांनी, तापाचे किट घेऊन फिरणाऱ्या माणसांनी. ज्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत स्वतःच सारे केले होते त्याचे काम त्याच्या बॅगेबरोबर विमानात बसले. ज्याने गावातल्या माणसाला पुढे केले त्याचे काम मागे राहिले. आम्ही जे काही वाचले त्याचे सार आम्हांला हेच वाटते, आणि आपल्या मंडळांनी व कार्यकर्त्यांनीही ते मनाशी बाळगावे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवकाला निर्वाहखर्च मिळतो, दवापाणी मिळते, मुदत संपल्यावर घरी जायला तिकीट मिळते. आपल्या आशाताईंनाही सरकारी कागदावर 'स्वयंसेविका' म्हणतात. त्या कोरोनात घरोघर फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. पण कामाप्रमाणे मोबदला आणि वरचे मानधन यावर त्यांची बोळवण होते. कायम कर्मचारी म्हणून त्यांना अजून मान्यता नाही. त्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ आणि २०२३ मध्ये संप करावा लागला. स्वयंसेवा दोन वर्षांची असते. जन्मभर रोज करायचे ते काम असते, आणि कामाला दाम असतो. कामगारांच्या घरांत हे वेगळे सांगायला नको.

त्या रविवारी दार न उघडणाऱ्या घरी आम्ही आशाताईंबरोबर पुन्हा गेलो. या वेळी दार उघडले. आत एका मुलीला तीन दिवसांपासून ताप होता. ताईंनी तिला दवाखान्यात नेले, रक्त तपासून घेतले. आता ती मुलगी बरी आहे. आम्ही ताईंना विचारले, "दार उघडेल असं तुम्हांला कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "उघडलं नसतं तर उद्या आले असते. मी काय कुठं जाणार आहे? मी इथंच आहे."

वोलोफ भाषा ताईंना येत नाही. पण उत्तर तेच होते.

वाचकहो, उद्या आशाताई आपल्या दाराशी आल्या तर त्यांना आधी बसायला द्या, पाणी द्या, आणि मग घरात कोणाला ताप असेल तर लपवू नका.

जय भीम!